एकशे आठ दिवसांचा पिता : डॉ. कोटणीस आणि त्यांच्या स्मरणग्रंथांची कहाणी

उत्तर चीनमधील शिजियाझुआंग या शहरात युद्धात कामी आलेल्यांची एक विस्तीर्ण दफनभूमी आहे. पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करून त्यांना फुले वाहण्याचा चिनी सण एप्रिलच्या आरंभी येतो. त्या दिवसांत तेथील शाळकरी मुले एका परदेशी डॉक्टराच्या समाधीशीही नतमस्तक होतात. समाधीवरचे चिनी नाव 'क दिहुआ' असे वाचले जाते. सोलापूरच्या भैय्या चौकाजवळच्या घरात हेच नाव 'द्वारकानाथ' असे होते. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव मराठी माणसाला परिचित आहे; त्याचे श्रेय बव्हंशी व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाला जाते. मात्र या कीर्तीच्या प्रकाशात एक व्यक्ती सतत सावलीत राहिली आहे. ती म्हणजे डॉक्टरांचा मुलगा. २३ ऑगस्ट १९४२ रोजी तो जन्मला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्याचे वडील गेले. पितापुत्रांचा सहवास अवघा १०८ दिवसांचा.

इतक्या तान्ह्या वयात पितृछत्र हरपलेल्या मुलाजवळ वडिलांची स्वतःची अशी एकही आठवण असू शकत नाही. त्याला जो पिता मिळतो, तो इतरांच्या सांगण्यातून मिळतो: आईच्या बोलण्यातून, मित्रांच्या टिपणांतून, जुन्या पत्रांतून, छापलेल्या पुस्तकांतून. युद्धात हरवलेल्या पित्याविषयीचे स्मरणग्रंथ जगाच्या सर्व भाषांत आहेत आणि त्यांतले पुष्कळ अशाच मुलांनी मोठेपणी लिहिलेले आहेत. डॉ. कोटणीसांविषयी मित्राने लिहिले, पत्रकाराने लिहिले, भावाने लिहिले, अखेरीस पत्नीनेही सांगितले. मुलाचे पुस्तक मात्र कधीच आले नाही. ते का आले नाही आणि त्याच्या जागी जे आले त्याचे मोल काय, याचा शोध घेताना एका कुटुंबाबरोबरच दोन देशांचा आणि दोन भाषांचा इतिहास उलगडत जातो.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा ज्या गावाच्या बाजारपेठेत सारख्याच सहजतेने ऐकू येतात, त्या गिरणगावात ते वाढले. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि पुढील शिक्षणाच्या तयारीला लागले. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. चिनी सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची मागणी केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोसांनी देशाला आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे पथकाचे प्रमुख, नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर हे त्यांतले ज्येष्ठ सहकारी, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी आणि मुंबईहून डॉ. कोटणीस. परतंत्र देशाने दुसऱ्या पीडित देशाला आपले डॉक्टर पाठवावेत, ही घटना त्या काळाच्या मानाने असाधारणच होती. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' ही बोट मुंबई बंदरातून निघाली, तेव्हा कोटणीसांना अठ्ठाविसावे वर्ष पूर्ण व्हायचे होते.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक यनानला पोहोचले. डोंगरांच्या कुशीत कोरलेल्या गुहांतून तेथे वस्ती होती आणि रुग्णालयेही. पथकातल्या डॉक्टरांच्या चिनी नावांना 'हुआ' हे अक्षर जोडण्यात आले. त्याचा अर्थ चीन. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घरी परतण्याचा सल्ला सहकाऱ्यांनी दिला, परंतु हाती घेतलेले काम अर्धवट टाकणे त्यांना मान्य झाले नाही. ज्याच्या मुलाला पुढे पित्याचे दर्शन स्मरणार नव्हते, त्याला स्वतःलाही पित्याचे अंत्यदर्शन घडले नाही.

यथावकाश पथकातले सहकारी एकेक करून मायदेशी परतले. कोटणीस मात्र जपानी फौजांच्या पिछाडीस असलेल्या डोंगराळ रणक्षेत्रात गेले. तेथे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांनी काम केले होते आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला होता. बेथून यांच्या नावाने स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. दुभाष्यावर विसंबून शस्त्रक्रिया करता येईल, पण विद्यार्थी घडवता येणार नाहीत, हे जाणून त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली. त्या भाषेत ते व्याख्याने देऊ लागले आणि शल्यशास्त्रावरची पाठ्यपुस्तकेही लिहू लागले. सोलापूरच्या बहुभाषी बाजारात वाढलेल्या मुलाला परक्या भाषेचे भय वाटले नसावे, असे म्हणण्याचा मोह होतो.

त्याच रुग्णालयाच्या विद्यालयात क्वो छिंगलान ही परिचर्या शिकवणारी तरुणी होती. बेथून यांच्या समाधीच्या अनावरणप्रसंगी तिने या भारतीय डॉक्टरला प्रथम पाहिले. १९४१ च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी मुलगा जन्मला, तेव्हा सेनानी न्ये रोंगझेन यांनी त्याचे नाव ठेवले 'यिनहुआ'. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. दोन अक्षरांत दोन देश मावले होते. पण अपुरे अन्न, अखंड श्रम आणि अपस्माराचे वारंवार येणारे झटके यांनी डॉक्टरांचे शरीर खचले होते. विश्रांतीसाठी सुरक्षित ठिकाणी जाण्यास ते राजी झाले नाहीत. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, एका खेड्यात, पाठ्यपुस्तकाचे काम चालू असतानाच त्यांची जीवनयात्रा संपली.

हे युद्ध बंगळूरच्या वाचकाला दूरदेशीचे वाटू शकेल. प्रत्यक्षात त्याची एक खूण याच शहरात आजही उभी आहे. सोलापूरचेच दुसरे सुपुत्र वालचंद हिराचंद यांची १९३९ मध्ये विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली. पॉली चीनसाठी विमानांचा कारखाना चालवीत होते. त्या भेटीतून वालचंदांची भारतात विमाने बांधण्याची कल्पना आकाराला आली. म्हैसूर संस्थानाने आणि दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जमीन व भांडवल देऊ केले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरात 'हिंदुस्तान एअरक्राफ्ट' कंपनीची स्थापना झाली. युद्धाच्या उत्तरार्धात चीन-ब्रह्मदेश आघाडीवरची अमेरिकन विमाने दुरुस्तीसाठी याच कारखान्यात येत असत. एका सोलापूरकराने चीनच्या डोंगरांत जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि दुसऱ्या सोलापूरकराच्या बंगळुरातील कारखान्यात त्याच युद्धातील विमाने दुरुस्त होऊ लागली. तरीही दोघांच्या स्मृतीची गत निराळी झाली. कारखान्याची नोंद दप्तरे ठेवतात. परमुलखात गेलेल्या माणसाची नोंद कोणीतरी आस्थेने लिहावी लागते.

ती पहिली नोंद लवकरच झाली. सहकाऱ्यांकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे पत्रकार आणि लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये मुंबईत एक छोटेखानी इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. पाच गेले आणि एक परतला नाही, हे त्याच्या नावातच सांगितलेले होते. पुस्तक घाईने लिहिलेले होते आणि त्याला तसेच कारणही होते. युद्ध अद्याप चालू होते, देशातले अनेक पुढारी तुरुंगात होते आणि स्वातंत्र्याची आकांक्षा बाळगणाऱ्या वाचकांसमोर एक उजळ उदाहरण ठेवण्याची निकड होती. व्ही. शांताराम यांच्यापर्यंत ही कथा पोहोचली. अब्बास आणि वसंत साठे यांनी पटकथा लिहिली, वसंत देसाई यांनी संगीत दिले, स्वतः शांताराम यांनी कोटणीसांची आणि जयश्री यांनी चिनी पत्नीची भूमिका केली. १९४६ साली 'राजकमल'चा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट झळकला आणि पुस्तक ज्यांच्या हाती कधीच पडले नसते अशा लक्षावधी लोकांपर्यंत ते नाव गेले.

चित्रपटाच्या अखेरीस डॉक्टरांची पत्नी तान्ह्या बाळाला घेऊन सासरी येते. तिचे स्वागत कसे होईल याचे वर्णन मरणासन्न डॉक्टरांच्या मुखी आहे. प्रेक्षकांचे डोळे त्या प्रसंगी पाणावत, यात नवल नाही. वस्तुस्थिती निराळी होती. क्वो छिंगलान सोलापूरला नांदायला आली नाही. ती चीनमध्येच राहिली, तिथेच तिने काम केले आणि मुलाला वाढवले. शांताराम यांनी खोटे सांगितले असा याचा अर्थ नव्हे. मुलगा परतला नाही, निदान नातू तरी घरी यावा, ही एका घराची आणि एका देशाची इच्छा त्यांनी पडद्यावर पूर्ण केली. पण इच्छापूर्तीची ही कथा इतकी प्रभावी ठरली की खऱ्या मुलाचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारण्याची गरजच पुष्कळांना भासली नाही.

खरा यिनहुआ चिनी बोलत वाढला. त्याची मातृभाषा खरोखरच मातेची भाषा होती. पित्याची भाषा त्याच्या कानांवर पडण्याचा मार्गच उरला नव्हता. चीनमध्ये त्याचे वडील हुतात्मा म्हणून पूजनीय होते. त्यांच्याविषयीची भाषणे, शोकसंदेश आणि समाधीलेख त्याला वाचता येत होते. त्या सगळ्यांत 'क दिहुआ' होते. 'द्वारकानाथ' मात्र दुसऱ्या लिपीत, हजारो किलोमीटर दूर, आजीच्या आणि आत्यांच्या आठवणींत राहिले. बालपणी तो कसा होता, काय खात असे, कशावर रुसत असे, हे सांगणारी माणसे हयात होती; पण त्यांच्यात आणि त्या मुलात हिमालयाइतकीच उंच अशी भाषेची भिंत होती.

१९६२ मध्ये दुसरी भिंत उभी राहिली. भारत आणि चीन यांचे युद्ध झाले तेव्हा यिनहुआ वीस वर्षांचा होता. त्याच्या नावाची दोन अक्षरे परस्परांविरुद्ध शस्त्र घेऊन उभी होती. भारतात त्या काळात चीनविषयी कृतज्ञतेने बोलणे अवघड झाले आणि कोटणीसांची कथाही काही वर्षे मागे पडली. यिनहुआने वडिलांचाच मार्ग धरला होता. तो वैद्यकशास्त्र शिकत होता. १९६७ मध्ये, ऐन पंचविशीच्या उंबरठ्यावर, त्याचा मृत्यू झाला. जे पुस्तक त्याने कधीकाळी लिहिले असते किंवा नसतेही, त्याची शक्यता तेथे संपली.

त्यानंतरच्या काळात दोन्ही देशांत कोटणीसांचे स्मरण पुन्हा जागे झाले. शिजियाझुआंगला स्मारक दालन उभे राहिले. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. सोलापूरच्या घराचेही स्मारक झाले. चिनी नेते भारतभेटीवर आले की कोटणीस कुटुंबीयांची भेट घेण्याचा प्रघात पडला. राष्ट्रांच्या स्मरणाला स्वतःची गरज असते. ते मैत्रीच्या ऋतूत फुलते आणि वैराच्या ऋतूत कोमेजते. म्हणूनच घरच्या आणि सोबतच्या माणसांनी लिहिलेल्या पुस्तकांचे महत्त्व वेगळे. पथकातले सहकारी डॉ. बसू यांची 'कॉल ऑफ यनान' ही आठवणींची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रवासातली आणि रणक्षेत्रातली दैनंदिनी वाचकांसमोर आली. बंधू मंगेश कोटणीस यांनी 'द ब्रिज फॉर एव्हर' या चरित्रातून सोलापूरच्या घरातला द्वारकानाथ जपला. बसूंना चीनमधला सहकारी ठाऊक होता, भावाला घरातला धाकटेपणा ठाऊक होता. पती आणि पिता म्हणून त्यांना ओळखणारी एकच व्यक्ती होती आणि ती दीर्घकाळ फारशी बोलली नव्हती.

क्वो छिंगलान बोलल्या त्या आयुष्याच्या संध्याकाळी, नव्वदीच्या घरात असताना. त्यांनी आठवणी सांगितल्या, दुसऱ्याने त्या शब्दबद्ध केल्या. आधी चिनीत आणि मग 'माय लाइफ विथ कोटणीस' या नावाने इंग्रजीत त्या पुस्तकरूपाने आल्या. डॉक्टरांच्या मृत्यूपासून या पुस्तकापर्यंत साठांहून अधिक वर्षे लोटली होती. एखाद्या शाळेच्या हीरकमहोत्सवाएवढा हा काळ. मधल्या काळात क्वो छिंगलान भारतात अनेकदा आल्या होत्या आणि सासरच्या माणसांशी असलेले नाते त्यांनी निगुतीने जपले होते. २८ जून २०१२ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, चीनमधील दालियान येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुस्तक ज्याच्यासाठी सर्वात मोलाचे ठरले असते तो वाचक पंचेचाळीस वर्षांपूर्वीच निघून गेला होता.

तरीही हे पुस्तक व्यर्थ ठरत नाही. अब्बासांच्या पुस्तकात एक आदर्श आहे, चित्रपटात एक नायक आहे, शिलालेखात एक हुतात्मा आहे. पत्नीच्या निवेदनात यांतले सर्व काही आहे; शिवाय एक तरुण नवरा आहे, जो परक्या देशात संसार थाटतो आणि वर्षभरातच तो अर्धा टाकून जातो. वृद्धत्वी सांगितलेल्या आठवणींत काळाने काही मऊ केलेले असते, काही गाळलेले असते, काही सार्वजनिक कथेच्या साच्यात बसवलेलेही असते. जाणत्या वाचकाने ते ध्यानात ठेवावेच. असे ग्रंथ एकेकटे वाचू नयेत. मित्राची टिपणे, भावाचे चरित्र आणि पत्नीच्या आठवणी शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे एकाने जे सांगितले नाही ते दुसऱ्याच्या ओळींत सापडते आणि पुतळ्यामागचा माणूस हळूहळू दिसू लागतो. डॉ. कोटणीसांना केवळ चित्रपटातून ओळखणाऱ्या मराठी वाचकाने ही पुस्तके मिळवून वाचावीत, मुलांना वाचून दाखवावीत आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी ती मराठीत अधिकाधिक आणावीत. द्वारकानाथांच्या घरची भाषा हीच होती.

या कहाणीतला भाषेचा धागा बसवनगुडीतील मराठी कुटुंबांना विशेष जवळचा वाटावा. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून बंगळुरात मराठी नांदते आहे. घरात मराठी, अंगणात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी हा येथला शिरस्ता आहे आणि त्याने कोणाचेही नुकसान झालेले नाही. प्लेगच्या साथीच्या काळात आखल्या गेलेल्या या वस्तीत, गांधी बाजाराच्या आसपासच्या जुन्या घरांतून, कितीतरी पेट्यांत आजोबा-पणजोबांची पत्रे असतील. कोणी पलटणीत होते, कोणी टपालखात्यात, कोणी रेल्वेत. कोणी महायुद्धात मेसोपोटेमियाला किंवा ब्रह्मदेशाला गेले आणि परतले नाहीत. त्यांतली मोडी आता क्वचितच कोणाला वाचता येते. बाळबोध लिपीतली पत्रे मात्र आजही वाचता येतील, जर घरातल्या पुढच्या पिढीला मराठी येत असेल.

मराठी माध्यमाची शाळा परप्रांतात कशासाठी चालवायची, हा प्रश्न पालकांना पडतो आणि तो रास्त आहे. उत्पन्न, स्पर्धा, उच्च शिक्षण यांची उत्तरे निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी मिळतील. यिनहुआच्या आयुष्यातून मिळणारे उत्तर मात्र साधे आहे. त्याला वडील नव्हते असे नाही. एका देशाने त्याच्या वडिलांची समाधी बांधली होती, दुसऱ्या देशाने चित्रपट काढला होता. त्याला नव्हती ती वडिलांच्या घरची भाषा. आजीशेजारी बसून 'तुझा बाप लहानपणी असा होता' हे ऐकण्याचे भाग्य त्याच्या वाट्याला आले नाही. ते भाग्य कोणतेही सरकार देऊ शकत नाही आणि कोणताही पुतळा देऊ शकत नाही. ते घर देते, आणि घराला त्यासाठी जी भाषा लागते ती शाळा जपते.

क्वो छिंगलान यांनी सांगायला सुरुवात केली तेव्हा फार उशीर झालेला होता, तरी त्यांनी सांगितले. या शाळेतून साठ वर्षांत बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरी आज असे कोणी ना कोणी वृद्ध आहे, ज्याच्यापाशी एका न परतलेल्या माणसाची आठवण आहे. त्याच्याशेजारी वही घेऊन बसायला कोणा अब्बासची किंवा शांतारामांची वाट पाहावी लागत नाही.